दादाचं तेज

मोलमेन, ४ फेब्रुवारी १९३९

दादा इंग्रजांविरुद्धच्या संघटनेत गेला, आजपासून त्याला थखिन म्हणायचं! थखिन लुन पे! थखिन म्हणजे साहेब. "देश आपला, तर साहेबही आपणच." मोहिंग्याच्या शेवया ओरपत साहेब सांगत होते. आई लगेच, "बरोबरच आहे हो त्याचं!"

माझी विलायती पावडर साहेबांनी गटारात ओतली. बर्मी पोरीने तोंडाला थनाखाच लावावा म्हणे. सकाळी सहाला शिक्षिका-परीक्षेचा वर्ग गाठायचा, ते खोड उगाळत बसणार कोण — याची संघटना?

७ फेब्रुवारी

साहेबांचा देशी जाडाभरडा सदरा धुतला. वाळत घालायचा उंच दोरीवर. माझ्या लुंग्या मात्र घरामागे, कमरेएवढ्या दोरीवर. का, तर बाईच्या लुंगीखालून पुरुष गेला की त्याचं तेज जातं! म्हटलं, "दादा, इंग्रजांना घालवताय ना? मग ही दोरीपण घालवा."

हसला. "एकेक करून घालवू, सान मे."

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

११ फेब्रुवारी

दादाची पुन्हा सभा. पुन्हा घसा बसला. पुन्हा मीच आल्याचं पाणी उकळलं.

१५ फेब्रुवारी

डोकं फिरलंय माझं! वीस तारखेची शिक्षिकांची परीक्षा थखिन लोक बंद पाडणार. "गुलाम घडवायच्या परीक्षा" म्हणे. परीक्षेच्या दारादारांत आडवे पडणार. उताणा पडलेला पुरुष, आणि तो लुंगी नेसून ओलांडायचा? कोण मुलगी धजेल?

पास झाले तर मुडोनच्या शाळेत नोकरी. नाहीतर मावशीने आणलेला थाटोनचा बिजवर, तीन पोरांचा बाप. या परीक्षेपर्यंतच थांबेन, असं आईने बजावलंय. हे सगळं दादाला तोंडावर सांगितलं. म्हटलं, देश सुटेल तेव्हा सुटेल, मी अडकते त्याचं काय?

चिरूट पेटवला आणि सभेला निघून गेला. देशाबद्दल तास तास बोलतो, बहिणीबद्दल एक अक्षर नाही!

२० फेब्रुवारी

ओलांडलं.

मुलींच्या दारात एकच जण आडवा पडलेला. दादा! डोळे मिटलेले. बाकीच्या मुली तिथूनच मागे फिरल्या. "दादा, ऊठ." नाही. "दादा, पाया पडते तुझ्या." नाही. मग लुंगी आवळून धरली आणि त्याच्या छातीवरून पाय टाकला. मागे कुणीतरी किंचाळलं.

पेपर पुरा लिहिला. एवढी लाज आणि एवढा राग मला एकदम कधी आला नव्हता.

२१ फेब्रुवारी

काल दुपारी पोलिसांनी सगळ्यांना नेलं. लाठीने दादाचं डोकं फुटलंय. आई म्हणते, "तू त्याचं तेज घालवलंस, म्हणून लागली ती लाठी." माझ्या हातचं पाणी घेत नाही. नको घेऊ दे! सगळं गाव सोडून नेमकं माझ्याच वाटेत पडायला त्याला सांगितलं होतं कुणी?

२४ फेब्रुवारी

दादाचा मित्र चिट मौंग सुटला. दादाचे कपडे तुरुंगात पोचवायला घेऊन गेला. सांगत होता, दादाला खरं तर मोठं फाटक दिलं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांशी भांडून त्याने मुलींचं दार मागून घेतलं.

"माझी बहीण येईल तिथून," म्हणाला, "परक्याला ती ओलांडायची नाही. मी असलो तर जाईल."