नेव्ही ब्लू, दोन बटणी

३ नोव्हेंबर, सोमवार
कन्येने तारीख दिली. पंधरा, शनिवार. होणाऱ्या जावयाच्या आईवडिलांबरोबर पहिलं जेवण. फाइन डाइन रेस्टॉरंट. बुकिंगच्या मेसेजखाली लिहिलंय, ड्रेस कोड : स्मार्ट कॅज्युअल. कन्या म्हणाली, बाबा, म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि साधी पँट, पुरे. तीस वर्षं कात्री चालवणाऱ्या शिंप्याला हे ऐकावं लागतं.
जावई चांगला आहे, पण रेडीमेड घालतो. खांद्याला घडी पडते. त्याच्या लग्नाचा सूट मीच शिवणार. मात्र आपण विचारायचं नाही. माझा सूट पाहून विहीणबाईंनीच विचारलं पाहिजे.

४ नोव्हेंबर
जुना सूट काढला. कापड आटलंय. कोट कंबरेला चार इंच कमी. बायकोने विचारलं, नेमकं पोटापाशीच कसं काय आटलं हो? तिला कापडातलं कळत नाही.
निर्णय : नवा शिवणार. गिऱ्हाइकाला दहा दिवसांत सूट देतो. म्हणजे, दहा दिवस सांगतो.

६ नोव्हेंबर, सायं. ७.३०
पाहणी. रेस्टॉरंटच्या काचेबाहेर पाऊण तास उभा. आतली मंडळी सामान्य. एक तर टी-शर्टमध्ये. पण दाराशी एक गृहस्थ! नेव्ही ब्लू, दोन बटणी, छातीच्या खिशात मरून रुमाल. खांदा असा की हात लावून बघावासा वाटला. येणाऱ्या प्रत्येकाचं वाकून स्वागत. एवढा बडा माणूस, पण गर्व नाही. पाऊण तासात एकदाही बसला नाही. पोट सपाट आहे ते उगाच नाही.
त्यांचे तिघे मुलगेही तशाच सुटात. लोकांच्या ताटल्या उचलत होते. संस्कार म्हणतात ते हेच.
कट डोळ्यांत भरून आणला. डिट्टो हाच.

८ नोव्हेंबर
दुकानात काजं-बटणं करणाऱ्या मावशींकडून माप घेतलं. अडतीस. मावशी म्हणाल्या, आता श्वास सोडा. हे वाक्य मी रोज गिऱ्हाइकांना म्हणतो. पण ती काही दुसऱ्या दिवसापासून चालायला जाणार नसतात. मी जाणार आहे. अडतीसवरच कापलं.

९ नोव्हेंबर
गुडघा धरलाय. उद्यापासून.

१२ नोव्हेंबर
कटिंग अप्रतिम. शाळेचे युनिफॉर्म मागायला दोघी आल्या. सांगितलं, मशीनचा पट्टा तुटलाय. मावशी तेव्हाच नेमक्या मशीनवर बसल्या होत्या. माणसाला वेळ-काळ कळू नये म्हणजे काय!

१५ नोव्हेंबर, दु. ४
एक गिऱ्हाईक दुपारपासून स्टुलावर बसलंय. पँट घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतं. माझ्या कोटाच्या बाह्या अजून कच्च्या टाक्यांवर. हरकत नाही. जेवायला हात तोंडापर्यंतच न्यायचा असतो.

त्याच दिवशी, सायं. ७.२० (रेस्टॉरंटचं बाथरूम, मापाच्या वहीत)
बायको आणि कन्या वाटेत, जावई ऑफिसातून परस्पर येणार. मी आधी आलो. यश! दारातले ते गृहस्थ मला पाहून गारच पडले. वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, कुठल्या ब्रँचमधून पाठवलं? कट ओळखला! म्हटलं, ब्रँच नाही, एकच दुकान. 
तेवढ्यात व्याही आणि विहीणबाई आले. कन्येच्या मोबाइलवर त्यांचा फोटो पाहिला होता, मी लगेच ओळखलं. पुढे होऊन वाकून या-बसा केलं. तोंड उघडून ओळख सांगणार, तोच व्याह्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. जपून हं, म्हणाले. पहिल्याच भेटीत एवढा विश्वास!
बटण लावल्यावर बोलायला जरा दम लागतो. जातो, विहीणबाईंना खुर्ची देतो.

१६ नोव्हेंबर
खुर्ची जड होती. ओढली आणि उजवी बाही खांद्यातून सुटली. विहीणबाई कळवळल्या. म्हणाल्या, एवढं मोठं हॉटेल आणि स्टाफला हे असले कपडे? शिंपी कोण हो तुमचा? बदला त्याला. 
मी म्हणालो, हो, सांगतो.
दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी पाणी मागितलं, बर्फाशिवाय. आणून दिलं. कन्या आली तेव्हा माझ्या हातात ट्रे होता. ती म्हणाली, हे माझे बाबा. व्याह्यांनी आधी किल्ली परत घेतली. मग विहीणबाईंना जो ठसका लागला, तो सूप येईपर्यंत थांबला नाही. व्याही स्वतः चौकड्यांच्या हाफ शर्टात होते. 
त्यानंतर मात्र छान गप्पा झाल्या म्हणे. मी सुटलेल्या बाहीचा हात टेबलाखाली धरून बसलो होतो, लक्ष तिकडेच. बायकोने भरवलं. व्याह्यांना ते फार आवडलं. एवढं प्रेम हल्ली दिसत नाही, म्हणाले. लग्न पक्कं.
सुटाचा विषय निघाला नाही. योग्य वेळी निघेल.

१९ नोव्हेंबर
निघाला. जावई स्वतः दुकानात आला. हातात मोठी पिशवी. आत सूट. रेडीमेड, मॉलमधला. आईने पसंत केला, म्हणाला. कोट अंगात घालून दाखवला. खांद्याला घडी पडत नाही. दोनदा हात फिरवून पाहिला. नाहीच पडत.
पँट मात्र लांब आहे. म्हणाला, बाबा, एवढं तुमच्याशिवाय कोण करणार? मला बाबा म्हणाला. मी म्हटलं, आजच देतो. सुटात अवघड असते ती उंचीच; बाकी कोणीही शिवतं.
मावशींनी कपड्याला लावायची चिठ्ठी घेतली, विचारलं, काय लिहू? म्हटलं, लिहा, जावयाच्या लग्नाचा सूट. 
मावशींनी लिहिलं : पँट एक, खालून दोन इंच कमी.