काना, मात्रा आणि मावशी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
झालं एकदाचं! मुलांच्या वाचनालयाचा ऑनलाइन अर्ज — माझ्या वाट्याला एकच रकाना: 'सोबत कोण येणार?' त्यात आकडे, टिंबं, हसरे चेहरे येता कामा नयेत. म्हणून रेगेक्सच्या — रकान्यात काय चालेल ते ठरवणाऱ्या नियमाच्या — कंसात 'फक्त अक्षरं' हा वर्ग टाकला. युनिकोडचा, जगातल्या सगळ्या लिप्यांच्या यादीतला, म्हणजे मराठीही चालणार. घर, बदक, कमळ टाकून पाहिलं — पटापट पास. स्वतःवरच खूश.

बुधवार, ५
चिमणीला घरी चाचणी म्हणून अर्ज भरायला दिला. नऊ वर्षांची आहे, वाचनालयाच्या कार्डासाठी जीव टाकते. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. मी या घरात आले तीन वर्षांपूर्वी, तेव्हापासून मला मावशी म्हणते. तुला हवं ते म्हण, असं मीच सांगितलं होतं. वाईट वाटत नाही, असं नवऱ्याला सांगते. वाटतं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आली — "मावशी लिहिलं तर घेतच नाही. बाबा पण नाही. मग आई लिहिलं, ते घेतलं."

भाजी करपली.

गुरुवार, ६
ऑफिसातली टेस्टर म्हणाली, "तुझ्याकडे बदक पास, बाबा नापास!"

डोक्यात उजेड पडला. युनिकोडच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नाहीत. त्या 'खुणा' — वर्गच वेगळा. आणि मी तपासायला घेतले पहिलीच्या पुस्तकातले बिनकान्याचे शब्द! 'आई'मध्ये आ सुटा, ई सुटी, खूण एकही नाही. म्हणून घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं.

दुरुस्ती दोन मिनिटांची: कंसात 'खुणा'ही टाकायच्या. त्याआधी अर्धा तास नुसती बसून होते. चूक तशीच राहू द्यावी असं वाटलं. खरंच वाटलं. मग केली दुरुस्ती. मावशी, काकू, आजोबा, आत्या — सगळे आत. चाचणीचे अर्ज पुसले, तिचाही.

शुक्रवार, ७
तिला म्हटलं, "अर्ज परत भरावा लागेल गं. आता मावशी चालतं."

"बरं," म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन खोलीत गेली. काय लिहिलं ते विचारलं नाही. जेवताना मात्र तिने बाबांना अख्खी गंमत सांगितली — मावशीने तुम्हाला नापास केलं म्हणून. हसून हसून तिघांची पुरेवाट. छान गेला दिवस.

सोमवार, १०
ऑफिसात अर्ज उघडले. सहावा तिचा. सोबत कोण येणार — आई.

मी रकान्यात 'मावशी' टाकून पाहिलं. घेतो.