शिगोशीग दोन चमचे

ती. आईस,

आधी पाया पडते, म्हणजे पुढचं वाचून रागावणार नाहीस.

मी मजेत आहे. आमच्या सरबताच्या कारखान्यातला वजनकाटा बिघडला होता. एका पातेल्याला दहा ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागतं, म्हणून वस्तादांनी दोन चमचे घालायला सांगितलं. मी तुझ्यासारखे बोटाने सपाट करून घातले. "चिक्कूपणा करू नकोस," म्हणत पुढच्या पातेल्यात त्यांनी स्वतः शिगोशीग भरून ओतले. ते सरबत कुणाच्या घशाखाली उतरेना, आणि खापर फोडलं माझ्या डोक्यावर!

मी गप्प बसणारी आहे का? आज काटा दुरुस्त होऊन आला. सगळ्यांदेखत तोलून दाखवलं. सपाट चमचा पाच ग्रॅम, त्यांचा शिगोशीग नऊ. सगळे हसले, वस्ताद सोडून. "माफी माग, नाहीतर उद्या येऊ नकोस," म्हणाले.

बोटाच्या चिरांना ते अ‍ॅसिड झोंबतं, पण तेल लावते, काळजी नको. बाबांचा खोकला कसा आहे? नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस.

माफी मी मागणार नाही. उद्या वेळेवर जाणार आहे, आणि वस्तादांच्या हातात चमचा दिसला तर पुन्हा तोलणार आहे.

तुझ्याच वळणाची,
धाकटी