सिनेमातलं माझं रडणं

नाना, परवा दुपारी टीव्हीवर तो सिनेमा पुन्हा लागला. जंगलात हरवलेली दोन भावंडं आणि त्यांना घरी पोचवणारं ते निळसर केसांचं, अस्वलाएवढं जनावर. ते मरतं आणि लहानपणीची मी रडते, तिथं माझी मुलगीही रडली. "मम्मी, तू किती खरी रडलीस!" मी टीव्ही बंद केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही.

शिरपूरच्या पुढं, सातपुड्यात शूटिंग होतं. मी नऊ वर्षांची. आईचं धुळ्याला पोटाचं ऑपरेशन झालेलं, मावशी तिच्याजवळ, म्हणून शूटिंगला आपण बापलेकच. अमळनेरच्या आमच्या शाळेतून त्यांनी मला निवडलं, तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हीच हरखलात. कॉलेजच्या नाटकातून ऐन वेळी काढून टाकल्याचं तुम्ही कधी विसरला नव्हता. जनावर तिथं नव्हतंच, ते नंतर कॉम्प्युटरवर करणार होते. माझ्यापुढं जमिनीवर काठीला बांधलेला एक हिरवा चेंडू. त्याच्याकडे बघून रडायचं. मला रडू येईना. सात वेळा झालं, आठ वेळा झालं, ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शक तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "दुसरी मुलगी घ्यायला हवी होती." तुमचा चेहरा पडला. "पाच मिनिटं द्या," म्हणालात.

सागाच्या झाडामागं नेऊन तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसता, माझे दोन्ही खांदे धरता. "पोरी, आत्तेच फोन उना. तुनी माय मरी गयी." मग उचलून मला चेंडूसमोर ठेवता. कॅमेरा चालू आहे हे मला कळतही नाही. मी मातीत लोळते, त्या चेंडूलाच मिठी मारते, कारण धरायला दुसरं काही नाही. टाळ्या वाजतात. "येडी, बठ्ठं खोटं शे! तुनी माय बरी शे," म्हणत तुम्ही हसता. दिग्दर्शक तुमच्या पाठीवर थाप मारतो. माझं रडं थांबत नाही, तेव्हा तुम्ही दरडावता, "पुरे आता. आणि मायले सांगू नको."

सिनेमा यायला तीन वर्षं गेली. तोवर तुमची उजवी बाजू लुळी पडली होती. भेटायला येईल त्याला अडखळत सांगायचात, "ते रडणं मी काढून घेतलं पोरीकडून." आई आणि मी जळगावला जाऊन सिनेमा बघितला. थिएटरभर बायका डोळे पुसत होत्या. "एवढं कसं गं रडलीस?" आईनं कानाशी विचारलं. मी सांगून टाकलं. ती पडद्याकडेच बघत राहिली.

घरी आलो तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून कॉटवर वाट बघत होता. "तो... रडायचा सीन?"

"कापला, नाना. जनावर नीट जमलं नाही म्हणे. सगळाच काढून टाकला."

तुम्ही आईकडे बघितलंत. "हो, नव्हता तो," ती म्हणाली आणि भात लावायला आत गेली.

"मग मी तुला... उगाच..." एवढंच तुम्हाला बोलता आलं. तुमचा अर्धाच चेहरा रडला, उरलेला तसाच राहिला. सिनेमा आठवड्यात उतरला. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. तोवर सिनेमाचं नाव काढलं नाहीत.

हे लिहिलेले कागद मी कुठं पाठवणार? बारा वर्षांची होते, समज नव्हती, असं मी नवऱ्याला सांगते. ते खरं नाही. तुम्ही रडताना नीट दिसावेत म्हणून मी कॉटजवळ स्टूल ओढून बसले होते.