बोनाफाईडवर जुनंच नाव कसं आलं

परभणी
२१ फेब्रुवारी १९९४

तीर्थस्वरूप आश्रुबामामा यांच्या सेवेशी,

भाचा चंद्रभान याचा सविनय जयभीम. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे नळाला पाणी आलं की वीज जाते आणि वीज आली की नळ कोरडा, एवढं सोडलं तर तक्रार नाही. तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? पंचफुलामामींचा खोकला थंडीबरोबर गेला असेल, असं धरून चालतो. वालुरात हरभरा निघाला असेल. ओला निघाला की दरवर्षी जुडी यायची, यंदा आली नाही, त्यावरूनच मी काय ते समजलो होतो.

परवा तुमचं पाकीट मिळालं. आत सत्यशीलाचं बोनाफाईड, चार घड्या घातलेलं, आणि सोबत एक ओळसुद्धा नाही. मामा, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत, रागाच्या चार ओळी लिहिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या बोनाफाईडवर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच नाव आहे, बाबासाहेबांचं नाही, आणि तसला कागद आपल्या घरात ठेवायचा नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण तुमच्याच पोरीला पोस्टातल्या नोकरीच्या अर्जाला तो जोडायचाय आणि पुढच्या सोमवारी मुदत संपते. म्हणून हे जुनं नाव कसं आलं ते सविस्तर लिहितो. वाचून माझी कीव आली नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचा प्रोग्राम मीच लिहिला, हे तुम्ही वालूरभर सांगून बसलात (आता ते परत घेता येत नाही). तेव्हा प्रोग्राम वेगळा होता आणि पडद्यावर जे दिसतं ते सगळं, म्हणजे चौकटी, मथळे, बोनाफाईडचा मजकूर, वेगवेगळ्या फायलींत होतं. प्रोग्राम लागेल तशी एकेक फाईल उघडायचा. पण ऑफिसात जो तो कॉम्प्युटर शिकायला टपलेला. कोणी मोटारींचा खेळ घालायला जागा पाहिजे म्हणून फीची फाईल पुसून टाकली. कोणी प्राचार्यांच्या नावापुढे 'या, बसा, चहा घ्या' असं टाकलं आणि ते सबंध आठवडा पावत्यांवर छापून गेलं. दर वेळी मला जेवणावरून उठवून आणायचे. शेवटी वैतागून मागच्या उन्हाळ्यात मी त्या सगळ्या फायली प्रोग्रामच्या पोटातच घातल्या आणि मिळून एकच फाईल केली. भाकरी वेगळी, कालवण वेगळं, हा प्रकारच बंद. सगळं कुस्करून एक. स्टाफरूममध्ये मी सांगितलंसुद्धा की आता कोणी माईचा लाल याला हात लावू शकत नाही. तो माईचा लाल मी स्वतःही नाही, हे मला जानेवारीत कळलं.

कारण असं, की कुस्करलेल्यातून कांदा वेगळा काढता येत नाही. एक अक्षर बदलायचं तरी मूळ लिखाण घेऊन सगळं पुन्हा मिसळावं लागतं. ते मूळ लिखाण मी दोन फ्लॉप्यांवर ठेवलं होतं, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून, आणि दोन्ही एकाच खणात ठेवल्या. (मशीनमध्येच का ठेवलं नाही, असं सगळ्यांनी विचारून झालं. ठेवलं असतं तर तेही कोणीतरी सुधारलं असतं.) पुढे आली खंडेनवमी. तुम्ही आणि मी दीक्षाभूमीला निघालो होतो, आठवतं ना, गाडीत उभं राहायला जागा नव्हती? त्याच दिवशी इकडे आमचे हेडक्लार्क दिनकरराव यांनी ऑफिसातल्या यंत्रांची पूजा मांडली. सायक्लोस्टाईल झालं, पंखा झाला, कॉम्प्युटर काही पाटावर मावेना. मग त्याचं म्हणून काहीतरी पाटावर पाहिजे, तर खणात माझ्याच अक्षरात 'मूळ प्रोग्राम' लिहिलेल्या दोन फ्लॉप्या सापडल्या. फ्लॉपीच्या पाकिटाला एक लांबट भोक असतं, त्यातून आतली काळी तबकडी दिसते. दिनकररावांनी बरोबर तिथेच हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षता, वर पाणी. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून, जागच्या जागी ठेवून दिल्या. माणूस व्यवस्थित आहे.

चौदा जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा आपण काय काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. सुट्टीनंतर मी हौसेनं कॉलेजात आलो, म्हटलं पहिलं काम नाव बदलायचं. फ्लॉपी आत घातली तर आतून जात्यासारखा आवाज. दुसरीचा तोच. ड्राईव्ह उघडला तर गुलाबी. दिनकररावांचा चेहरा इतका पडला की मला त्यांच्यावर रागावताही येईना. "आमी तर तुमच्या भल्यासाठीच केलं ना हो चंद्रभान," म्हणाले, "पूजा न्हाई केली तर मशीन वर्षभर कुरकुर करतंय." तेवढ्यात सत्यशीलाचा अर्ज आला आणि मी वर्गावर असताना त्यांनीच बटण दाबून बोनाफाईड काढून दिलं. जुनं नाव तिथेच बसलेलं होतं.

आता उपाय एकच उरला होता. त्या तयार फाईलमध्ये घुसून अक्षरावर अक्षर लिहिता येतं, पण जेवढी जागा तेवढंच बसतं. बाबासाहेबांचं नाव घातलं की मावत नाही. आमचे प्राचार्य भगवानराव म्हणाले, "नाव लय लांब हाय. नुसती आद्याक्षरं टाका की, बराबर बसतंय." कॉलेजचा टाईपरायटर ते कॉम्प्युटर आल्यावर हायस्कुलाला हार घालून देऊन बसलेत, तो परत मागायला त्यांना लाज वाटते. मामा, त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, सोयीचं होतं. पण ज्या नावापायी माणसं गेली, घरं जळाली, ते मी टिंबा-टिंबात कोंबायचं? मी खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं, खरं सांगतो. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग कोरं सोडा. नव्या नावाचा शिक्का आला की मारू." तर मी जुन्या नावाच्या जागी फक्त रिकामी जागा भरली. ते बसतं. शिक्का कधी येईल ते शिक्केवाल्यालाच ठाऊक, आणि प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला मला पावसाळा उजाडेल.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. मामींना नमस्कार.

आपला,
चंद्रभान

ता. क. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं इकडे यावं, गुडघ्याचं कारण सांगू नये, स्टँडवर मी सायकल घेऊन येतो. प्राचार्य म्हणतात शिक्का येईपर्यंत नाव हातानं लिहिलं तरी चालेल, अक्षर मात्र पाहण्यासारखं पाहिजे. तुमच्याशिवाय मला कोणी सुचेना. टाक आणि काळी शाई आणा. सत्यशीलाचं नवं, नाव कोरं सोडलेलं बोनाफाईड गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलंय.

ता. क. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या वेळी, पिंगळी गावात भिंतीवर तुम्ही गेरूनं हेच नाव लिहीत होता, पोलिसांची गाडी आली आणि 'आंबे'वरच डबा टाकून आपल्याला ज्वारीतून पळावं लागलं. इथे टेबल आहे, खुर्ची आहे, कोणी येणार नाही. सावकाश लिहा.