तू बांगड्या फोडल्याच नव्हत्यास

आई,

तू गेल्यानंतर मी पुष्कळ माणसांवर लिहिलं. पुढाऱ्यांवर, मास्तरांवर, तुरुंगात जाऊन आलेल्यांवर. तुझ्यावर मात्र एकदाच लिहिलं, तेही तू असताना, आणि ते खोटं लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं. त्यात काय छापलंय ते तुला माझ्याकडून नाही, गावाकडून कळलं.

तेव्हा मी पुण्यात एका साप्ताहिकात प्रुफं तपासत होतो. जपाननं चीनवर हल्ला केला होता आणि आमच्या दर अंकात एकच सूर असायचा: इंग्रजाचं परराष्ट्र धोरण इंग्रजापाशी राहू दे, हिंदुस्थानला स्वतःचं मत आहे, आपण चीनच्या बाजूचे, जपानी माल घेऊ नका. मला ते मनापासून पटत होतं. विलायती छापील चित्रांत आपला माणूस म्हणजे साप खेळवणारा, नाहीतर रस्त्यात उपाशी पडलेला. त्याला जगाबद्दल काही वाटत असेल, हे त्यांच्या गावीही नसे. मला दाखवून द्यायचं होतं की मावळातल्या कासारणीलाही दूरच्या देशाचं दुःख कळतं. आणि खरं म्हणजे तुला ते कळलं होतंच, मी काही जोडायची गरज नव्हती.

कामशेतच्या बाजाराचा दिवस होता. तू ओट्यावर बसून काकणं रंगांप्रमाणे लावते आहेस. जपानी काकणं स्वस्त, पातळ, उन्हात धरली की पाण्यासारखी चमकणारी. बायका तीच मागायच्या. मी तुझ्यापुढे अंक उघडतो. त्यात एक फोटो: बॉम्ब पडलेल्या स्टेशनात एकटंच रडत बसलेलं एक तान्हं पोर. तू हात पुसून कागद जवळ घेतेस.

"हे टेसन हाय व्हय?"

"हो. चीनमधलं. जपान्यांनी वरून बॉम्ब टाकला."

"अन् ह्याची आय कुटं हाय?"

तू कागद परत दिलास आणि गिऱ्हाइकाकडे वळलीस. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या खेपेला लोणावळ्याच्या व्यापाऱ्याकडून तू जपानी माल आणला नाहीस, आणि उरलेली काकणं जुन्या लुगड्यात बांधून ट्रंकेत ठेवलीस. मी खूश झालो. म्हणालो, "आई, चौकात फोडू. चार लोक बघतील, त्यांनाही कळेल."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी भलतंच बोललो होतो. "इकणार न्हाई म्हनलं ना? पन फोडायची न्हाईत. आपून कासार. हातातलं काकण चुकून पिचलं तरी आपून फुटलं म्हनत न्हाई, वाढवलं म्हनतो. अन् तुजं आबा जित्तं हायेत अजून."

मी पुण्याला जाऊन हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. संपादकांनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "ट्रंकेत ठेवल्या? यात काय जीव आहे? फोडल्या म्हणा." त्यांनी जबरदस्ती केली नाही. मीच खाली बसलो आणि तुला कामशेतच्या चौकात उभी केली. तुझ्या तोंडी घोषणा घातली, पायाशी काचांचा खच पाडला. तुझं नाव दिलं नाही, पण कामशेतात कासारीण एकच होती. लोणावळ्याच्या सभेत तो मजकूर वाचून दाखवला, टाळ्या पडल्या, आणि मला व्यासपीठावर बोलावलं. इतका ताठ मी पुन्हा कधी उभा राहिलो नाही.

अंक कामशेतला पोचला तो भाताच्या गिरणीत. तिथं एकानं मोठ्यानं वाचला आणि संध्याकाळपर्यंत घरोघर गेला. पुरुषांनी आबांना शाबासकी दिली. बायका मात्र काकणं भरायला यायच्या थांबल्या. लोहगडवाडीच्या एका लग्नात नवरीला चुडा भरायला तुला बोलावणं होतं. तू काकणांची पाटी घेऊन चढ चढून गेलीस, आणि नवरीची आई मांडवाबाहेरच आडवी आली. "मावशी, राग मानू नका. नवरा जित्ता असताना तुमी सोताच्या हातानं काकणं फोडलीत म्हंत्यात. माजी एकुलती एक लेक हाय." तू तिला सांगितलंस की नाही फोडली. ती म्हणाली, "छापून आलंय की, मावशी."

मी घरी आलो तेव्हा तू चिडली नव्हतीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. "तूच लिवलंस न्हवं? मग आता लिव, की न्हाई फोडली म्हनून."

मी हो म्हणालो. पुढच्या खेपेला तुला सांगितलं की संपादक तयार नाहीत, चळवळीची बदनामी होईल. आई, मी त्यांना विचारलंच नव्हतं.

पाटी बंद झाली. तू त्याच भाताच्या गिरणीत पाखडायला जाऊ लागलीस. पुढे महायुद्धात जपान ब्रह्मदेशापर्यंत आला आणि पुण्यात आमचीच मंडळी हळू आवाजात म्हणू लागली, येऊ दे, इंग्रज तरी जाईल. मीही म्हणू लागलो. एकदा जेवताना तुलाही तेच समजावलं. तू घास हातात धरून ऐकत राहिलीस. मग अगदी साधेपणानं विचारलंस, "म्हंजी आता ती काकणं भाईर काडू का?" तुझ्या डोळ्यांत टोमणा शोधला मी. नव्हता. मी काय ठरवतो, याचीच तू वाट बघत होतीस. मी पाणी पिऊन उठलो.

स्वातंत्र्य यायच्या आत तू गेलीस. तुझी माफी मागायची राहून गेली असं लोकांना सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं वेळ मिळाला नाही. वेळ भरपूर होता.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. पण आणखी एक लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात तळेगावच्या एका शाळेत मला चळवळीच्या त्या दिवसांवर बोलायला नेलं होतं. मुलं चुळबुळ करत होती, कुणी ऐकेना. तेव्हा मी तुला पुन्हा चौकात उभी केली. मुलं एकदम गप्प झाली, आणि मी तसाच पुढं बोलत राहिलो.