थैली बंद झाल्यानंतरचे रविवार

२ फेब्रु., रवि.
आजपासून चर्चमध्ये क्यूआर कोड. प्रत्येक बाकाच्या पाठीवर स्टिकर, मीच चिकटवलेले. अर्पणाची मखमली थैली कपाटात गेली. पैसे थेट खात्यात, हिशोब सगळ्यांना उघड. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. पप्पांना गावी फोन केला. "घरातली पहिली ग्रॅज्युएट कामाला आली," म्हणाले.
अर्पणगीत चालू आणि सगळ्यांच्या माना फोनमध्ये. बाकावर शेजारी बसणाऱ्या बेबीमावशी थैली पुढे देताना माझा हात जरा दाबायच्या. आठवड्यात तेवढंच कोणी... असो.

१६, रवि.
मावशी आजही नाहीत. दुसरा रविवार. बाकावर मी एकटी. कर्वेनगरला खोलीवर आले, जेवले नाही. सोमवारी कामावर जाईपर्यंत बोलायला कोणी नाही आता.

१९, बुध. सुट्टी.
वारज्याला मावशींकडे गेले. आधी म्हणाल्या, गुडघा. मग चहा गाळता गाळता, "सगळे फोन काढतात. मी काय, चष्मा काढू?"
म्हटलं, रोखीसाठी दाराशी पेटी ठेवलीय ना.
"ठेवलीस गं. पेटीकडे उठून जाणारी दिसते, न जाणारीही दिसते. थैलीत नुसती मूठ घालून काढायची. महिनाअखेरीला माझी रिकामीच असायची. देवाला ठाऊक, तुला नव्हतं."
इतके महिने शेजारी बसून... आणि कमिटीपुढे पारदर्शकतेवर भाषण मीच केलेलं.
निघताना दम दिला, "कुणाला सांगशील तर बघ."

२३, रवि.
उपासनेनंतर कमिटीपुढे उभी राहिले. कोड राहू दे, थैलीही फिरवू या.
सेक्रेटरी म्हणाले, "आपणच थैलीला रिटायर केलंत. आता परत ड्युटीवर? तक्रार कोणाची? नाव सांगा."
"माझीच," म्हटलं. "कधी कधी द्यायला काही नसतं. ते सगळ्यांना दिसतं."
कोणी वर बघेना. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या बैठकीत ठरवू.
मावशींना कळवलेलं नाही. काय कळवू?
संध्याकाळी खजिनदारांच्या मिसेस आल्या. तांदूळ, तेल, साबण. "लाजू नकोस बाळा." नको म्हणाले असते तर खोटं उघडं पडलं असतं. घेतलं.
या खोलीवर पहिल्यांदाच कोणी आलं. चहा टाकायला उठले, तर हात धरून बसवलं.
"राहू दे. दूध तुला सकाळी लागेल."